हयातीचा दाखला

रायबंदरच्या या भाड्याच्या घरात
माझ्याआधी टपाल येऊन पडलं होतं.
एक श्रवणयंत्राच्या कंपनीचं, एक विम्याचं,
एक लग्नाचं आमंत्रण, लग्न होऊन गेलेलं.
सगळ्यांवर कायतान मास्कारेन्हस,
स्पेलिंग मात्र तीन तऱ्हांचं.

मी बांबोळीच्या इस्पितळात
रक्ताच्या नळ्यांना नावं चिकटवते.
एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव गेलं तर काय होतं
ते मला कुणी सांगायला नको.
म्हणून लाल पेनानं लिहिलं,
‘हा इसम येथे राहत नाही’,
आणि सुलक्षा वेळीपच्या पिशवीत परत टाकलं.
आठव्या दिवशी तीच पत्रं दारात.
माझ्या अक्षरावर शिक्का, पत्ता तोच.
सुलक्षा म्हणाली, बाई, ही जातात कुठं
ते मलाही कळत नाही.

मग बिस्किटांचा डबा काढला.
उघडलं एकही नाही, हे खरं.
पण बंद पत्रही थोडं गळतंच.
पाकिटाच्या चकचकीत खिडकीतून थकबाकी दिसते,
चष्म्याच्या दुकानाला वाढदिवस पाठ असतो.
एकोणीस मार्च.
त्या दिवशी मी बेकरीतून केक आणला.
का, ते विचारू नका.

घरमालकीण म्हणाली होती, गेला तो.
कुठं, हे विचारायचं
मला त्या वेळी सुचलं नाही.
इस्पितळात ‘गेला’चा एकच अर्थ होतो.

नोव्हेंबरात जाड लखोटा आला,
जहाजावरच्या नोकरीच्या पेन्शनचा.
वरतीच ठळक छापलेलं:
हयातीचा दाखला. तीस तारखेच्या आत.
म्हणजे मास्कारेन्हस जिवंत आहेत असं
मास्कारेन्हसनीच लिहून द्यायचं
आणि कागद माझ्या डब्यात.

रात्रपाळी संपवून सकाळी तिला उठवलं.
‘अगो, गेला म्हणजे चोडणाला. बहिणीकडे.’

चोडण माझ्या मोरीच्या खिडकीतून दिसतं.
दीड वर्ष मी त्याच्याकडे बघत भांडी घासली.

फेरीबोटीत चालत्या माणसाला तिकीट नाही.
डबा मांडीवर धरून गेले.
बाल्कांवात बसले होते,
एका कानात यंत्र, त्यातली बॅटरी मेलेली.
तुमचं टपाल! मी ओरडले.
त्यांनी मला नीट पाहिलं.
‘न्हाणीचो नळ अजून रडटा?’
रडतो!
‘दाव्या वटेन पीळ. उजव्या न्हय.’

लग्नाची पत्रिका त्यांनी बराच वेळ हातात धरली.
‘हिचो पाद्रीन हांव,’ म्हणाले,
आणि ती शर्टाच्या खिशात घातली.
बाकी सगळं माझ्याकडे सरकवलं.
‘हें तुजेकडेनच दवर.
तांकां तुजें घर खबर आसा.’

दाखल्यावर सही केली हळूहळू,
आडनावाचं चौथं स्पेलिंग.
खाली साक्षीदाराचा रकाना, तिथं माझं नाव.
त्याच्यापुढे: अर्जदाराशी नाते.
पेन तिथं थांबलं.
बहीण आतून चहा घेऊन आली, कप ठेवला, गेली.
मग मी लिहिलं, पत्ता एकच.
चालेल की नाही, पेन्शनवाले बघतील.

घरी येऊन नळ डावीकडे पिळला.
थांबला.
त्या रात्री सुट्टी होती
आणि मला झोप येईना.