दीड व्होल्ट

एस्टोनियाच्या या टोकाला, पेइप्सी सरोवराच्या काठी,
मुस्तवे गावात माझं दुकान.
गळ, राईचा पाव, मेणबत्त्या, आणि गल्ल्यामागे
सेलची एक फळी.

सरोवरावर बर्फ धरला की हेल्दुर दर शुक्रवारी येतो.
बर्फाला भोक पाडून दिवसभर बसतो माशांसाठी,
कानांवर स्पंज झडलेला हेडफोन,
कोटाच्या आत कॅसेट प्लेअर.
त्याला दोन सेल लागतात. सगळ्यांत स्वस्त.

मी सांगून पाहिलं:
हे जस्ताचे, काका. यांचं डबडंच जस्ताचं,
स्वतःच्या भिंती खाऊन घर चालवतात
आणि एक दिवस त्याच भिंतींतून पाझरतात.
अल्कलाइन घ्या, दुप्पट पैसे, चौपट तास.
तो म्हणाला, थंडीत तेही हातपाय गाळतात.
खरं होतं. उणे अठराला
सेलच्या पोटातलं सगळंच आळसावतं.
त्यावर त्याचा तोडगा:
एक जोडी प्लेअरमध्ये, एक काखेत.
दमलेली जोडी काखेत तासभर निजली
की पुन्हा थोडं बोलते.
माणसासारखंच, मी म्हणाले.
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

टेपवर काय आहे ते कधी विचारलं नव्हतं.
अकॉर्डियन असेल, असं धरून चालले होते.

जानेवारीच्या मालात लिथियमचे सेल आले.
तळहातावर घेतले तर रिकामे वाटावेत इतके हलके,
आणि चार जोड्यांचे पैसे एका जोडीला.
एक जोडी मी त्याच्या खिशात टाकली.
वहीत उधारी लिहिली. त्याला सांगितलं नाही.

रविवारी, दुकान बंद असताना, दार वाजलं.
मिशीवर बर्फ तसाच.
"ऐक," म्हणाला, आणि हेडफोन माझ्या कानांवर.

एक बाई कांदे मोजत होती.
युक्स, काक्स, कोल्म,
वेणीत गुंफलेले कांदे, वेणीमागून वेणी,
मध्येच कुत्र्याला हाकलणं,
मध्येच आकडा चुकून हसणं,
सगळं भराभर, चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखं.

"विर्वे," तो म्हणाला.
"हिशेब राहावा म्हणून यंत्रात मोजायची.
कांदे विकले गेले. मग तीही गेली.
नऊ हिवाळे ऐकतोय मी.
नऊ हिवाळे वाटत होतं, तेव्हाच ती थकली होती,
एवढा जड आवाज, पाय ओढत चाललेला,
आणि माझ्या ध्यानात कसं आलं नाही."

मी स्टूल पुढे केलं. सांगितलं:
व्होल्टेज उतरलं की मोटर मंदावते,
मोटर मंदावली की टेप,
टेप मंदावली की बाई.
थकवा जस्ताचा होता, काका.
तो बसला. बुटांखाली साचत गेलेलं पाणी
बराच वेळ बघत राहिला.

एक गोष्ट मी गिळली.
लिथियमवर दीड व्होल्ट छापतात,
पण ताजा असताना तो त्याच्याही वर असतो.
मोटर किंचित जास्तच पळते.
म्हणजे ही विर्वेही पुरती विर्वे नव्हे,
थोडी तरुण, थोडी उतावीळ.
खरी कुठेतरी मधे,
जिथे कुठलाच सेल फार वेळ थांबत नाही.

लिथियमची दुसरी खोड मात्र बजावून ठेवली:
हा उतरत जात नाही. शेवटपर्यंत सरळ चालतो
आणि एखाद्या आकड्यावर गप्प होतो,
आवाज जड न करता.
"चालेल," म्हणाला.

परवाच्या शुक्रवारी त्यानं लिथियमची जोडी घेतली.
मागची उधारीही फेडली, म्हणजे कळलं होतं त्याला.
दारापर्यंत गेला, परत आला,
फळीवरच्या स्वस्त जोडीकडे बोट केलं.
मी भुवया उंचावल्या.
"असू दे," म्हणाला,
"नऊ हिवाळे बर्फावर माझ्यासोबत
ती थकलेलीच बसत होती."