गार झाल्यावर

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, उद्यमबागेच्या अलीकडे
बाळेश कम्मारचं गॅरेज. एक पत्रा, एक बाक,
दोनदा रंगवलेली पाटी.
मी गाडी स्टँडला लावली आणि तोंडानं आवाज काढून दाखवला,
खर्र, खर्र-खट्, खर्र.
पाने पुसणारं पोरगं हसलं.
बाळेश हसला नाही. त्याच्याकडे सगळे असेच येतात,
तोंडात इंजिन घेऊन.

सीडी हंड्रेड, एकोणनव्वदची.
वीजमीटर बघत काकती, कडोली, तुरमुरी,
बेक्किनकेरीच्या चिखलातसुद्धा हिच्यावर गेलोय.
हिची नस न् नस मला ठाऊक, असं मी म्हणालो.

"सप्पळ यावाग?" मग माझ्याकडे बघून,
"कवा येतंय? गार असताना, का तापल्यावर?
गिअरात, का न्यूट्रलला?
क्लच दाबलास तर?"
येतंय, म्हणालो. सारखंच येतंय.
"सारखं काय येत नसतंय,"
आणि त्यानं किक मारली.

लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनच्या पोटाला,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
तेवढ्यात गेट पडलं. मिरजेकडची गाडी.
त्यानं इंजिन बंद केलं, शेवटचा डबा जाईतो
तसाच वाकून राहिला.
मग पुन्हा किक.

क्लच दाबला, खरखर गेली. सोडला, आली.
"क्लचचं घर सैल झालंय. वाजू दे.
आणि धा वर्षं वाजंल."
पैसे वाचले म्हणून मी खिसा चाचपला.
स्क्रू ड्रायव्हर मात्र वर सरकला होता, हेडवर,
आणि तिथंच थांबला.

"हितली टिकटिक कुठाय?"

ती गेली, म्हणालो. आपोआप. दिवाळीपासून.
आता बघ कशी लोण्यासारखी चालते.
आधी एवढी वाजायची, मी बोळात शिरलो की
सुलभा आतूनच ओरडायची, बंद करा ते धूड!
हल्ली तीही ओरडत नाही.

त्यानं मूठ कानावरून काढली.
"येळ्ळूरच्या चढाला दम लागतोय?
तापल्यावर किक बसत नाही?"
दोन्ही खरं.
दोन्ही मी पेट्रोल पंपवाल्यावर ढकललेलं.

"वाजणारा टॅपेट बरा असतोय.
जागा हाय म्हणून वाजतोय.
जागा संपली की गप.
मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही,
फटीतनं जाळ जातोय, रोज थोडा थोडा.
भायेर काय कळत नाही."

मग कर की, म्हणालो, आत्ताच कर.
"आत्ता तापलंय. तापल्यावर माप चुकतंय.
ठेवून जा. सकाळी गार असताना बघू."

बसनं घरी गेलो.
गाडी कुठाय, असं कुणी विचारलं नाही.
जेवताना ताटं तेवढी वाजली.

सकाळी सातला नऊचा पाना
आणि दाढीच्या पात्याहून पातळ पट्टी.
पट्टी फटीत घालायची, ओढायची.
अडायला तर हवी, पण सुटायलाही हवी.
त्यानं मला ओढून बघायला दिली.
"कळलं?"
नाही कळलं. पुन्हा ओढली.
व्हॉल्व्ह किती जळलाय ते त्यानं सांगितलं नाही.
म्हणाला, "म्हैनाभर चालवून बघ,"
आणि ऐंशी रुपये घेतले.

टिक टिक टिक टिक.
सिग्नलला लोक वळून बघत होते.
कामाची वाट उजवीकडे होती, मी अनगोळला वळलो,
बोळात शिरलो, दारासमोर थांबलो.
स्टँड लावला. चावी फिरवली नाही.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.
मी ॲक्सिलेटर
थोडा वाढवला.