पाणक्या

वेंगुर्ल्याहून निघालो तेव्हा कुणालाच घाई नव्हती.
सात दिवस एकमेकांची चाके खाणारी माणसे
शिरोड्याच्या मिठागरांपाशी चक्क गप्पा मारत होती.
किरणपाणीच्या पुलावर दोघांनी हात सोडून
फोटो काढून घेतले.
शेवटच्या दिवसाचा रिवाज असा,
पिवळ्या जर्सीवर हल्ला करायचा नाही.
ती बिकानेरच्या लेखरामच्या अंगावर
कशेळीच्या चढावरच शिवून झाली होती.

मी मागच्या गाडीत. टपावर नऊ सायकली,
मांडीवर आऱ्यांचा जुडगा, नखांत ग्रीसची अमावास्या.
कुणाचे तरी काही मोडेल याची वाट पाहणे,
एवढेच माझे काम.

आणि उल्हास तळवणेकर
दर तासाला खिडकीशी येई.
एका हाताने दार धरून बाटल्या कोंबी
पाठीवर, पोटावर, मानेखाली,
आणि आठवा महिना लागलेल्या बाईसारखा
जपून, पण जोरात, पुन्हा पुढे जाई.
"कोणाक पाणी व्हया रे?"
बारा वर्षे हेच.
कधी पहिला नाही, कधी तिसराही नाही.
पेपरात त्याचे नाव येते
ते "आणि इतर" या दोन शब्दांत.
आई फोनवर विचारते, तुझो नंबर कितवो?
हा सांगतो, आमचो पयलो इलो.

काल रात्री लॉजच्या बाथरूममध्ये मोजे पिळताना
तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"उद्या संपला. ढोपार आयकणा नाय."
मी म्हटले, बरे.
दुसरे काय म्हणतात अशा वेळी?

पोर्वरीचा उतार. मांडवीचा पूल.
खाली कॅसिनोच्या बोटी, दिवसा बघवत नाहीत अशा.
पुढे राजधानीतल्या आठ फेऱ्या,
चर्चपासून मिरामारपर्यंत आणि परत.
पुलाच्या मध्यावर लेखरामने हात वर केला
आणि अख्खा घोळका मंदावला.
उल्हासला वाटले, तहान लागली असेल.
तो बाटल्या घेऊन पुढे धावला.
लेखरामने त्याच्या जर्सीत हात घालून
एकेक बाटली बाहेर काढली,
याला एक, त्याला एक, उरलेल्या स्वतःकडे,
आणि रिकाम्या पाठीवर थाप मारली.
"अब तू जा."

गेला. पण कसा, तर दहादा मागे वळून बघत,
कोण सुटले, कोण पंक्चर झाले.
कुणीच नव्हते मागे.
पुढेही कुणाचे चाक नव्हते, फक्त खाडीचा वारा,
जो तो रोज दुसऱ्यांसाठी अंगावर घ्यायचा.
निवेदकाने यादीत नंबर शोधला,
आडनाव चुकवले, परत चुकवले.
बेतीच्या फेरीबोटीतून कुणीतरी भोंगा वाजवला.
जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळ्यातला पाद्री
बाईवर पसरलेले हात तसेच धरून होता.
कांपालच्या झाडांखाली एक पोरगी
बापाच्या खांद्यावरून ओरडली, "हो जिंकता मरे!"
बापाने तिला काही सांगितले नाही.

एक फेरी. साडेपाच मिनिटे.
मग घोळक्याने त्याला गिळले,
आणि खरी शर्यत सुरू झाली.
शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पेडण्याचा कुणी रोवन,
वय एकवीस, दात विचकून, अर्ध्या चाकाने पुढे निघाला.
उल्हास एकसष्टावा.

संध्याकाळी मी सायकली धुतल्या.
त्याच्या साखळीत शिरोड्याची रेती होती.
तो चप्पल घालून आला, एका पायाने लंगडत,
आणि सवयीने खिडकीशी उभा राहिला.
फ्रेमला अडकवलेली बाटली काढून मला म्हणाला,
"तुका व्हया पाणी?"
आठ दिवसांत हे मला कुणी विचारले नव्हते.
पाणी कोमट होते, प्लास्टिकचा वास येत होता.
मी सगळे प्यालो.