नवी मूठ

भद्रकालीतल्या माझ्या दुकानात
सकाळपासून पितळेचा कीस उडतोय.
जिभेवरसुद्धा बसलाय, चहा आंबट लागतो.

परवाना गायधनीबाईंच्या नावावर झाला मार्चात.
रिव्हॉल्वर दादांचं,
दर गोळीला घोडा अंगठ्यानं ओढायचा असलं.
दादांचा पंजा म्हणजे फावडं.
बाईंचा अंगठा घोड्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून ही बारकी मूठ, कोरी.
पाच स्क्रू. चार बसले.
पाचव्याचं भोक केसभर डावीकडे.
मूठ म्हणते, माझं बरोबर आहे;
सांगाडा म्हणतो, मी पन्नास वर्षं इथंच आहे.
मध्यस्थी कानशीची.

घास, पूस, लाव, काढ.
कमान दाबताना बोट चिमटलं,
आईवरून शिवी आली तोंडात, गिळली.
पलीकडे तांबटांचे हातोडे चालू,
त्यांच्या हंड्याला निदान एकच तोंड असतं.
सांध्यावर नख फिरवलं: अडलं.
दुपारच्या अजानपर्यंत अडतच राहिलं.
मग घसरलं.

बाई पळशाहून तीनच्या बसनं आल्या.
चक्री रिकामी आहे हे स्वतः दोनदा पाहिलं,
भिंतीकडे तोंड करून घोडा ओढला.
टक्.
"बसली," म्हणाल्या. पैसे मोजले. मग,
"जुनी कुठाय, युनूसभाई?"

भंगाराच्या डब्यात होती.
काळा मुलामा तळव्याच्या जागी उडालेला,
तेवढाच भाग गुळगुळीत, उघडा.

रिव्हॉल्वर पेटीत गेलं, पेटीला कुलूप.
जुनी मूठ मात्र हातातच.
माझ्या दुकानाची पायरी उंच आहे,
लोक उतरताना कठडा धरतात.