दरपत्रक

मी मानवतचा. हात सरळ, पोट रिकामं,
एवढ्या भांडवलावर या शहरात आलो
आणि हॉटेलांच्या भिंतींवर भाव लिहू लागलो.

चहा पूर्ण. चहा अर्धा. ज्यादा पाव.
सुशीला.
बाहेरगावचा माणूस इथं हसतो,
नाश्ता आहे की बाई, विचारतो.
मी मात्र ‘शी’ पहिली की दुसरी
याच काळजीत, शिडीवर.

अर्धे पैसे रोख, अर्धे ताटात, हा माझा रिवाज.
म्हणून माझ्याआधी माझी जीभच
या शहरात मुरली.

शहागंजात मुकीतभाईंनी देगीचं झाकण उचललं,
कलियाला असा हळदी तवंग
की ब्रश बुडवावा.
“उर्दूत पण लिहू?” म्हणालो, येत नसताना.
त्यांनी परातीतल्या पिठावर बोट फिरवलं:
नून, अलिफ, नून.
“इधर से पढ़ो, उधर से पढ़ो, नानच रहता.”
उजवीकडून डावीकडे लिहायला
मी असा शिकलो, पिठावर.
त्या पिठाचेही नान झाले.
माझं पहिलं अक्षर कुणी खाल्लं, माहीत नाही.

वाळूजला दुसरी पाळी सुटते तेव्हा
सिवानचा रामसकल निखाऱ्यांत लिट्टी फिरवतो.
चोखा म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच,
लांब नांदायला गेलेलं.
त्याच्या पाटीवर मी ‘ताजा’ लिहिलं,
रात्रीचे साडेबारा झाले होते.

टीव्ही सेंटरला टेकबहादूरनं ड्रॅगन मागितला.
कुठून आणू? मी घोरपड काढली,
तिला पंख दिले, तोंडातून जाळ.
अजून आहे ती तिथं.
नूडल्सवर ठेचा मागणाऱ्या पोरांना
तिच्यात काहीच वावगं दिसलं नाही.

औरंगपुऱ्यात गयाबाई दाभाडेंची मेस,
हिंगोली, किनवट, पाथरी,
पोरं एका हातानं जेवतात, दुसऱ्यात चालू घडामोडी.
मी खडूनं आखलं: भाकरी अमर्याद.
“कामून?” बाई म्हणाल्या,
“आसं लिवलं की पोरं मोजाया लागतेत.
पोटभर लिव्ह.”
एक शब्द पुसला
आणि आखणी सगळी बदलली.

उधार बंद आहे.
ही ओळ मी किमान दोनशे भिंतींवर लिहिली असेल,
लाल रंगात, काळी सावली देऊन.
खाली उतरून हात धुतले
आणि त्याच भिंतीखाली म्हणालो,
मांडून ठेवा शेठ.

शहराचं नाव बदललं त्या वर्षी
दीड महिना नुसत्या पत्त्याच्या शेवटच्या ओळी रंगवल्या.
कुणी घाईनं बोलावलं, कुणी नाइलाजानं.
कुणी म्हणालं, राहू दे ना अजून जरा.
रंग मी एकाच डब्यातला वापरला.

आता निराला बाजारात काचेचं दुकान झालंय,
कॉफीवर फेसाचं पान काढतात.
भिंत कोरी.
टेबलावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन,
त्याच्यापुढं फोन धरायचा, भाव आत.
मी कितीतरी वेळ तो न्याहाळला.
एवढं बारीक काम
आणि हात एकदाही हलला नाही!
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, ऑर्डर?
म्हटलं, ते पान काढताना बघू द्या फक्त.
कपासकट दिलं तिनं. पैसे पूर्ण घेतले.

मुकीतभाईंच्या पोरानं फ्लेक्स लावलाय.
जुना बोर्ड माझ्याकडे आहे.
तिरपा धरला की
एकशे चाळीसच्या खाली नव्वद दिसतात,
नव्वदच्या खाली पस्तीस,
आणि अगदी तळाशी एक वाकडा नून.

गुलमंडीजवळ एका नव्या फ्लेक्सवर
‘सुशीळा’ छापलंय.
तिथं मी खात नाही.

खोटं कशाला सांगू, खातो.
चांगली करतात, शेंगदाणे सढळ.
फक्त पाटीकडे पाठ करून बसतो.