राखीव पंगत

औलू. फेब्रुवारी. बाहेर वजा चोवीस.
हिल्क्का लेहतोवाराच्या टेबलावर
जंगलात झाडं कापणाऱ्या यंत्राचा कॅमेरा
उघडा पडलाय, आंधळा.

त्याला पानं लागतात सलग,
दोन हजार अठ्ठेचाळीस, मांडीला मांडी लावून.
इथे थोडं, तिथे थोडं
इतरांचं भागतं, त्याचं नाही.

म्हणून यंत्र जागं होतानाच कर्नल
अख्खी पंगत राखून ठेवतो.
पण कॅमेरा येतो कधीमधी,
आणि रिकामी पानं बघवत नाहीत.
बसा, म्हणतो तो इतरांना,
मानकरी आला की उठायचं.

आमच्यात जेवत्या पानावरून कुणाला उठवत नाहीत.
कर्नल उठवतो,
पण असा, की घास तोंडात तसाच
आणि पान दुसरीकडे.
ज्याचं त्याला कळतही नाही.

रात्री सव्वाअकराला
दोन हजार सत्तेचाळीस उठले.
एक उठेना.

कुणीतरी त्याला खुंटीला बांधून गेलं होतं,
क्षणभर थांब, आलेच, म्हणून.
हिल्क्का नोंदी उलट्या वाचत गेली.
कॉफी गार. दुसरीही गार.
ओळ सापडली. तारीख जूनमधली,
मध्यरात्रीही उजेड असतो त्या आठवड्यातली.
नाव तिचंच.

तिने धरलेलं सोडलं.

कॅमेऱ्याला पहिली दिसली
तिची हनुवटी, अर्धी,
आणि मागे काचेवरचा बर्फ.
नक्कल न करता, तीच पानं
पडद्याच्या हाती गेली:
बघणारा आणि दाखवणारा
एकाच पानात जेवू लागले.

हिल्क्का हातमोजे शोधत होती.
एकच सापडला.