तीन वॉशर

कंपनीच्या सीटला खालून दोन भोकं असतात,
पाठीचा टेका त्यांच्याच मापाने घडवलेला.
माझी सीट कंपनीची नाही.
दिल्लीहून मागवलेली, रुंद, बैलाच्या वशिंडासारखी मऊ,
आणि पोटाशी एकही भोक नाही.

शिंदे की छावणीत रईसमियाँनी ती उलटी केली,
न्हावी पोराचं डोकं धरतो तशी गुडघ्यांत धरली,
पत्रा बोटांनी वाजवून पाहिला.
"माहुरकर साब, बहू इस घर की, ज़ेवर उस घर के।"

फरक अर्ध्या इंचाचा.
अर्धा इंच म्हणजे काय, ते मला सांगू नका.
अठ्ठावीस वर्षं मी छोट्या लाइनवर गार्ड होतो,
ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फुटी रुळांवर,
शेवटच्या डब्यात, लाकडी बाकावर.
बाकाला पाठ नव्हती.
घोसीपुरा, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ,
प्रत्येक सांध्याला एक ठोका
आणि प्रत्येक ठोक्याची नोंद इथे,
कमरेच्या जरा वर.
गाडी बंद झाली.
रजिस्टर माझ्याकडेच राहिलं.

बसा, म्हणाले रईसमियाँ.
मी बसलो.
"ऐसे नहीं, ये तो फोटो खिंचवाने बैठे हो।
जैसे थक के बैठते हो, वैसे।"
भर बाजारात, शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असताना
थकून बसायला मला जरा वेळ लागला.
मग त्यांनी मागून तळहात टेकवला.
डॉक्टर दाबतात आणि विचारतात, इथे दुखतं?
यांनी काही विचारलं नाही.
हात खाली सरकवला, वर सरकवला,
जिथे माझा श्वास सुटला
तिथे सदऱ्यावर खडूची रेघ ओढली.

टाके उसवले. फोम उचलला.
आत दिल्लीचं एक वर्तमानपत्र निघालं,
इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात,
फोम सरकू नये म्हणून चार घड्या घातलेली.
रईसमियाँनी ती तशीच परत ठेवली.
तीन सुती पट्टी, भट्टीत लाल करून वाकवलेली.
गुड्डूने ड्रिल चालवलं,
पत्र्याचा कीस त्याच्या पापणीवर चमकत राहिला.
नट तेरा नंबर पान्याचे,
वॉशर दोन पुरत नव्हते, तीन घातले.
आणि भोक गोल नाही, लांबट ठेवलं:
पुढच्या साली पाठ हीच राहील
याची हमी कोण देतंय?

हेमलता समोरच्या पायरीवर बसून होती,
गजकचा पुडा मांडीवर, न फोडलेला.
काम झालं तशी मागे चढली.
आणि गप्प.
मध्ये आता काळ्या रेक्झिनची उशी.
"अडतीस वर्षं तुमची कॉलर बघत आले," ती म्हणाली,
"कधी धुवायची ते तरी कळायचं."
काढून टाकू म्हटलं.
"आता कशाला? बाराशे घातलेत."
मग मान वळवून, माझ्याशी नाहीच असं:
"भैया, इसके पीछे एक जेब सिल दो।"

उरलेल्या तुकड्याचा खिसा झाला.
त्यात तिचा चष्मा, घराची किल्ली, गजक.
रईसमियाँनी खिशाचे पैसे घेतले नाहीत,
दाभण केसांत खोचून चहाला निघून गेले.

फूलबागेच्या अलीकडे रस्ता खोदलेला आहे.
पहिल्या खड्ड्याला सवयीने पाठ आवळली,
ठोका आला, आणि कुणीतरी मधल्या मध्ये झेलला.
दुसऱ्या खड्ड्याला मी खांद्यावर तिच्या हाताची वाट पाहिली.
तो आला नाही.
मागे कागद कुरकुरला.
ती खिशात हात घालते तेव्हा
फोमच्या पलीकडे, खडूच्या रेघेपाशी
काहीतरी जरासं हलतं.

सिग्नल लाल.
इंजिन धडधडतंय, तिसरा वॉशर किंचित वाजतोय,
उद्या आवळून घेईन.
दिवा हिरवा झाला, माझं लक्ष नव्हतं.
मागून लोखंडावर दोनदा टकटक.

ही खूण मी तिला शिकवलेली नाही.
क्लच सोडला.